कात्रीच्या पलीकडचा माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

रेडिओवर फोटोविषयी बोलायचं म्हणजे समोर नसलेल्या गोष्टीविषयी बोलायचं. पण मला आज ज्या फोटोची हकिगत सांगायची आहे, त्यातला महत्त्वाचा भाग चाळीस वर्षं कुणालाच दिसलेला नव्हता. त्यामुळे मी योग्य ठिकाणी आलो आहे असं समजतो.

१९७९ चा जून महिना. आकुर्डीच्या एका कारखान्यात उमेदवारी संपवून मी नुकताच कायम झालो होतो. पहिल्या काही पगारांतून पैसे साठवून जुनी, दोन भिंगांची यशिका घेतली होती. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. बारा म्हणजे बारा! रोल, धुलाई आणि छपाई यांचा खर्च खिशाला जाणवायचा, म्हणून बटण दाबण्याआधी माणूस दोनदा विचार करायचा.

तेव्हाचं पिंपरी-चिंचवड आज डोळ्यांसमोर आणणं कठीण आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि साठच्या दशकात टेल्को, बजाज असे मोठे कारखाने आले. गावांची १९७० मध्ये नगरपालिका झाली, महानगरपालिका व्हायला १९८२ उजाडावं लागलं. शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. आणि वर्षातून एक दिवस त्याच जुन्या पुणे-मुंबई रस्त्यानं तुकोबांची पालखी यायची. देहूहून निघाल्यावर इनामदारवाड्यातला पहिला मुक्काम आणि दुसरा आमच्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. एकीकडून वारी यायची, दुसरीकडून कारखाना सुटायचा. फोटो काढणाऱ्याला याहून अधिक काय हवं?

त्या दिवशी ऊन होतं. दिंडीपुढे एक वीणेकरी होते, पांढरंशुभ्र धोतर-बंडी, डोक्यावर पागोटं. मी फोटो काढला. कंपनीच्या गृहपत्रिकेच्या संपादकांना तो आवडला, पण त्यांना पानावर दोन कॉलमी उभा फोटो हवा होता. माझी निगेटिव्ह चौकोनी. डाव्या बाजूला सायकलचं हँडल आणि कुणीतरी वाकलेला कामगार होता. ते मला खुपतच होतं. मी प्रिंटच्या पाठीमागे पेन्सिलीनं रेघ मारली आणि डावीकडचा एक-तृतीयांश फोटो काढून टाकला. वीणेकरी उठून दिसले. माझं कौतुकही झालं.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा प्रश्न माझ्या यशिकापेक्षा पुष्कळ जुना आहे. रस्त्यावरच्या माणसाचा पहिला फोटो म्हणून जो ओळखला जातो, तो पॅरिसमध्ये दागेरनं १८३८ मध्ये खिडकीतून काढला. रस्ता वर्दळीचा होता, पण फोटोत तो ओस पडलेला दिसतो. प्लेटवर प्रकाश कित्येक मिनिटं पडू द्यावा लागे. तेवढ्या वेळात चालणारी माणसं, घोडागाड्या सगळं विरून गेलं. उरला एकच माणूस, जो बुटांना पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा होता. पॉलिश करणाराही अस्पष्टसा दिसतो. म्हणजे फोटोत कोण राहणार हे ठरवण्यात कात्रीच्याही आधी एक्स्पोजरचा हात होता.

आपल्याकडेही ही कला लवकर आली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशा मंडळींनी त्या काळात फोटोग्राफीत नाव कमावलं. पण तो स्टुडिओचा जमाना होता. माणसानं स्थिर बसायचं, श्वास रोखायचा. नकळत टिपलेला, चालता-बोलता माणूस फोटोत सहज येऊ लागला तो लहान कॅमेऱ्यांमुळे. १९२५ मध्ये जर्मनीत लायका बाजारात आला. सिनेमाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म त्यात चालायची, कॅमेरा कोटाच्या खिशात मावायचा.

या लायकावाल्यांचा गुरू म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ. १९४८ च्या जानेवारीत तो दिल्लीत होता. गांधीजींच्या हत्येच्या थोडाच वेळ आधी तो त्यांना भेटला होता आणि मग अंत्ययात्रेचे फोटोही त्यानं काढले. काढलेला फोटो कापायचा नाही, चौकट डोळ्यांनीच ठरवायची, असा त्याचा दंडक. पण गंमत अशी की, डबकं ओलांडणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२ चा जगप्रसिद्ध फोटो मात्र कापलेला आहे. तो त्यानं कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून काढला होता आणि कडेची फळी आत आली होती. उलट टोकाचं उदाहरण चे गव्हेराचं. शर्टांवर, रिक्षांवर दिसणारा तो चेहरा कोर्दा नावाच्या क्यूबन छायाचित्रकारानं १९६० मध्ये हवानातल्या शोकसभेत टिपला. मूळ फोटोत एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पानं. दोन्ही कापल्यावर एका सभेतला माणूस क्रांतीची मूर्ती झाला.

तेव्हा कापणं हे पापच आहे, असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रांत तर त्यावाचून गत्यंतर नसे. कॉलमची रुंदी ठरलेली, जागा ठरलेली. जुन्या छपाईत जाळी इतकी जाड असे की गर्दीतले बारीक चेहरे शाईनं बुजून जात. मग उपसंपादक कडा कापून मधला माणूस मोठा करत. त्यात फसवणूक नसे, वाचकाला दिसावं एवढीच इच्छा असे. प्रश्न इतकाच की कडेला कोण असतं? मध्यभागी पुढारी, पाहुणे, वीणेकरी. कडेला बहुधा तोच, ज्याचा फोटो एरवी कुणी काढत नाही.

एक्स्पोजरची गोष्ट आणखी खोल आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरे कपडे घातलेल्या वारकऱ्यांवर तो रोखला की त्याला वाटतं, उजेड फार आहे, आणि तो प्रकाश कमी करायला सांगतो. कपडे करडे होतात आणि उन्हानं रापलेले चेहरे काळेठिक्कर. जाणत्या माणसानं मापक चेहऱ्याजवळ न्यावा, निदान भिंग एक-दोन घरं अधिक उघडावं. फिल्मवाल्यांचं जुनं सूत्र होतं, एक्स्पोजर सावलीसाठी द्यावं आणि उजेडाचा भाग डेव्हलपिंगमध्ये सांभाळावा. यात फक्त अज्ञान होतं असंही नाही. कोडॅकच्या रंगीत छपाईचं प्रमाण म्हणून प्रयोगशाळांना ज्या कार्डावरचा फोटो दिला जाई, त्यावर कित्येक वर्षं गोरी बाईच असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. तिची कांती बरोबर आली म्हणजे रंग बरोबर आले. सावळ्या माणसाचं काय, हा विचार नंतर आला. त्यासाठी चॉकलेटच्या आणि लाकडी फर्निचरच्या उत्पादकांच्या तक्रारी कारणी लागल्या, असं नंतर सांगितलं गेलं. माणसाआधी चॉकलेटची दाद लागली!

आता पुन्हा आकुर्डीला येऊ. २०१९ मध्ये एक गृहस्थ पत्ता शोधत माझ्याकडे आले. साधारण पन्नाशीचे, स्वतः चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला. त्यांच्या पिशवीत फ्रेम केलेलं एक कात्रण होतं. गृहपत्रिकेतला माझा वीणेकरी. म्हणाले, “काका, हा फोटो तुमचा ना? आमच्या बाबांनी आयुष्यभर भिंतीवर लावला होता. पाहुण्यांना सांगायचे, ‘ह्या फोटोत मी आहे,’ आणि बोट फ्रेमच्या बाहेर, डावीकडे भिंतीवर ठेवायचे. आम्ही हसायचो. बाबा मागच्या वर्षी गेले. या बाजूला खरंच काही आहे का, तेवढं सांगा.”

काय बोलावं ते मला सुचेना. निगेटिव्ह मी टाकलेल्या नव्हत्या. पत्र्याच्या पेटीत, वर्षांप्रमाणे, बटर पेपरच्या पाकिटांत ठेवलेल्या होत्या. दोन दिवस शोधून ती सापडली. स्कॅन केली. अख्खा चौकोन पडद्यावर आला आणि डावीकडे सायकल आली, तिच्या हँडलला अडकवलेला डबा आला, आणि एका हातानं सायकल धरून दुसऱ्या हातानं एका म्हाताऱ्या माळकरी बाईच्या पायांना हात लावणारा माणूस आला.

पण चेहरा नव्हता. तो झाडाच्या सावलीत उभा होता आणि मी एक्स्पोजर दिलं होतं उन्हातल्या धोतरासाठी. १२५ एएसएची फिल्म, सेकंदाचा १२५ वा भाग, भिंग एफ-१६ वर, अगदी पुस्तकात सांगतात तसं. उन्हासाठी ते बरोबरच होतं. सावलीला त्याच्या सात-आठ पट प्रकाश हवा होता. निगेटिव्हवर त्याच्या चेहऱ्याची जागा जवळजवळ कोरी, पारदर्शक आहे. संगणकावर मी पुष्कळ खटपट केली. कानाची एक कड दिसली, त्यापलीकडे काही नाही. जे फिल्मवर उमटलंच नाही ते कुठून आणणार?

त्या दिवशी मला दोन चुकांमधला फरक कळला. कापलेलं परत जोडता येतं, निगेटिव्ह जपली असेल तर. प्रकाश द्यायचा राहून गेला तर त्याला उपाय नाही. आज डिजिटल कॅमेऱ्यात हे उलटं आहे. तिथे सावलीतून बरंच काही वर काढता येतं, पण पांढरं एकदा उडालं की टोपीच्या जागी नुसता कागद उरतो. नियम बदलला तरी प्रश्न तोच आहे. बटण दाबताना आपण कुणाची बाजू घेतो?

मी त्या गृहस्थांना बोलावलं. चेहरा मिळाला नाही हे आधीच सांगून टाकलं आणि मोठा प्रिंट त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ बघत होते. बाईच्या पायांशी टेकलेला हात उन्हात होता, त्यामुळे स्वच्छ आला होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. “प्रेसवर गेलं होतं त्यांचं,” ते म्हणाले, “मी लहान असताना. हे बाबाच आहेत.” मग त्यांनी विचारलं, “आणि ह्या आजी कोण असतील हो?” मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत मीही त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

चाकणच्या तळेगाव चौकात आज सकाळी उभं राहिलं तर कंपन्यांच्या बसगाड्या, गणवेशातली मुलं, कांद्याचे टेम्पो एकाच चौकटीत येतात. गावात संग्रामदुर्गाची पडकी भिंतही आहे. त्या मुलांपैकी बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे आणि रोज हजारो फोटो निघतात. बोटाच्या एका चिमटीत कडा कापल्या जातात आणि मूळ फोटो जागा खातो म्हणून पुसला जातो. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. कापा, खुशाल कापा. पण अख्खा फोटो ठेवा. आणि सावलीत कुणी उभं असेल तर त्याच्यासाठी थोडा उजेड जास्त द्या.

पेटीतल्या बाकीच्या निगेटिव्ह मी आता एकेक करून अख्ख्या स्कॅन करतो आहे. १९८३ पर्यंत आलो आहे. डावी कड आधी बघतो.