कंपायलरची कसोटी

संगणकाला मनुष्याची भाषा समजत नाहीं. त्याला समजतात ते केवळ अंक, आणि तेहि शून्य व एक या दोनच चिन्हांनीं लिहिलेले. उलट गणिती किंवा अभियंता आपली आज्ञावली अक्षरांनीं, समीकरणांनीं व इंग्रजी वळणाच्या शब्दांनीं लिहितो. या दोहोंमध्यें उभा राहून एकाचें म्हणणें दुसऱ्यास सांगणारा जो दुभाष्या, त्यालाच कंपायलर म्हणतात. हा दुभाष्या हाडामांसाचा नव्हे; तीहि एक आज्ञावलीच. दुभाष्यानें चुकीचा अर्थ सांगितला तर न्यायालयांत निरपराध मनुष्यास शिक्षा होऊं शकते. कंपायलर चुकला तर त्याच्या हातून जाणारी कोणतीहि आज्ञावली चुकूं शकते, आणि तिच्या लेखकानें आपला मूळ मजकूर शंभर वेळां वाचला तरी त्यांत त्याला दोष सांपडत नाहीं, कारण दोष तेथें नसतोच. म्हणून नवा कंपायलर तयार झाला म्हणजे जुन्याच्या जागीं तो बसविण्यापूर्वीं त्याची परीक्षा घ्यावी लागते. ती कशी घ्यावी हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

पहिल्या मोठ्या कंपायलरची कथा या बाबतींत मनोरंजक आहे. १९५४ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनींत जॉन बॅकस व त्यांचे मोजके सहकारी फोर्ट्रान नांवाची भाषा आणि ७०४ या संगणकासाठीं तिचा कंपायलर रचावयास बसले. काम सहा महिन्यांत उरकेल असा त्यांचा अंदाज होता. लागलीं जवळजवळ तीन वर्षें. त्या काळीं लोकांना मोठी शंका होती ती अचूकपणाची नव्हे, वेगाची. कुशल मनुष्यानें हातानें लिहिलेल्या यंत्रभाषेइतकी चपळ यंत्रभाषा एखादी आज्ञावली लिहूं शकेल, हेंच पुष्कळांना पटत नव्हतें. १९५७ च्या एप्रिल महिन्यांत पिट्सबर्गजवळील वेस्टिंगहाउस कंपनीच्या बेटिस प्रयोगशाळेंत, जेथें अणुभट्ट्यांचीं गणितें चालत, एके शुक्रवारीं दुपारनंतर भोंकें पाडलेल्या कार्डांची एक पेटी येऊन पडली. पेटीवर नांव नव्हतें, सोबत सूचनापत्र नव्हतें. हर्बर्ट ब्राइट व त्यांच्या सोबत्यांनीं तर्क केला कीं हाच तो कंपायलर असावा, आणि हाताशीं असलेली एक आज्ञावली घालून यंत्र सुरू केलें. यंत्रानें उत्तर छापलें तें असें कीं अमुक वाक्यांत उजव्या कंसापुढें स्वल्पविराम नाहीं. पाहतात तों स्वल्पविराम खरोखरच राहून गेलेला! तो घालून कार्डें पुन्हां दिलीं, तेव्हां आज्ञावली चालली व उत्तरांचे कागद बाहेर पडूं लागले. परीक्षा घेणाऱ्याचीच चूक परीक्षार्थ्यानें दाखवावी, असा हा प्रसंग.

एक गणित घालावयाचें आणि उत्तर बरोबर येतें कीं नाहीं तें पाहावयाचें, अशी ही साधी रीत होती. ६ व ७ डिसेंबर १९६० रोजीं कोबोल भाषेंतील जवळजवळ एकच आज्ञावली आर. सी. ए. व रेमिंग्टन रँड या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखविण्यांत आली. तीहि याच जातीची कसोटी. परंतु या रीतींत एक गोम आहे, आणि ती १९६४ सालीं मोठ्या गमतीदार रीतीनें उघड झाली. त्या वर्षीं डोनाल्ड कनूथ यांनीं अल्गोल ६० या भाषेंतील थोड्याच ओळींची एक आज्ञावली प्रसिद्ध केली व तिला ‘मर्द कीं पोर’ अशा अर्थाचें नांव दिलें. तींत एक कृति स्वतःलाच पुनःपुन्हां हांक मारते, आणि प्रत्येक हांकेंतील नांवें कोणत्या वस्तूंचीं होतीं याची आठवण कंपायलरला ठेवावी लागते. ही आठवण जो नीट ठेवील तो मर्द, गोंधळेल तो पोर. या गणिताचें खरें उत्तर उणें ६७ येतें. स्वतः कनूथ यांनीं कागदावर काढलेला अंदाज उणें १२१ होता. प्रश्नपत्रिका काढणारालाच जर उत्तर येत नसेल, तर नवा कंपायलर उणें ६७ म्हणूं लागला तेव्हां चूक कोणाची हें कोणी ठरवावें?

सरकारी खात्यांनीं या प्रश्नाची तड आपल्या पद्धतीनें लावली. १९६६ अखेर निवृत्त झालेल्या ग्रेस हॉपर यांना अमेरिकन नौदलानें १९६७ सालीं पुन्हां सेवेंत बोलाविलें, आणि कोबोलचे कंपायलर प्रमाणभाषेस धरून आहेत कीं नाहींत हें तपासणाऱ्या आज्ञावल्या त्यांच्या देखरेखीखालीं तयार झाल्या. एडा भाषेच्या बाबतींत तर संरक्षण खात्यानें तें नांवच आपल्याकडे राखून ठेवलें होतें. ठरावीक परीक्षा उतरल्यावांचून कोणत्याहि कंपायलरनें स्वतःस एडा म्हणवूं नये, असा दंडक होता. १९८३ च्या एप्रिलांत ही परीक्षा प्रथम उतरला तो न्यूयॉर्क विद्यापीठाचा अनुवादक. तो इतका मंद होता कीं मोठ्या कामास त्याचा उपयोग जवळजवळ नव्हता. पण परीक्षा आतां अचूकपणाची होती, चपळाईची नव्हती. पंचवीस वर्षांत लोकांची काळजी किती पालटली हें यावरून दिसतें.

याहून मोठें वळण आलें तें कंपायलर आपल्याच भाषेंत लिहिले जाऊं लागले तेव्हां. १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें टिमोथी हार्ट व मायकेल लेव्हिन यांनीं लिस्प भाषेचा कंपायलर लिस्पमध्येंच लिहिला आणि त्याचें भाषांतर त्याच्याकडूनच करविलें. सी भाषेचा कंपायलर सी भाषेंतच लिहिलेला, हें ऐकून प्रथम बुद्धि चक्रावते. अंडें आधीं कीं कोंबडी आधीं? उत्तर असें कीं पहिलें भाषांतर करावयास कोणता तरी जुना दुभाष्या हाताशीं असावा लागतो. जुन्यानें नव्याला जन्म द्यावा, आणि नव्यानें त्याच्याहि पुढच्याला, असा हा वंशवृक्ष आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं प्रथम प्रसिद्ध केलेल्या जी. सी. सी. या कंपायलरच्या बाबतींत याच वंशपरंपरेचा उपयोग परीक्षेसाठीं करून घेतात. रीत अशी. संगणकावर आधींपासून असलेला जुना कंपायलर नव्याचा मूळ मजकूर घेऊन त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर करतो. ही पहिली प्रत. ती नव्या मजकुराप्रमाणें वागते, पण तिचें अंग जुन्यानें घडविलेलें असतें. आतां या पहिल्या प्रतीकडून तोच मजकूर पुन्हां भाषांतरित करवितात. ही दुसरी प्रत. दुसरीकडून तोच मजकूर आणखी एकदां भाषांतरित करवितात, ही तिसरी. पहिली व दुसरी प्रत सारख्या असण्याचें कारण नाहीं, कारण त्यांचे घडविणारे भिन्न. परंतु दुसरी व तिसरी? पहिली आणि दुसरी अंगानें वेगळ्या असल्या तरी एकाच मजकुराच्या आज्ञा पाळतात. म्हणून त्या दोघींनीं एकाच मजकुराचें केलेलें भाषांतर अक्षरशः एकच असलें पाहिजे. एका बिटाचाहि फरक पडला तर कोठें तरी पाणी मुरतें आहे असें समजावें. एक तर जुन्यानें पहिली प्रत बिघडविली, नाहीं तर नवा स्वतःचेंच भाषांतर नीट करीत नाहीं. मग काम तेथेंच थांबतें. कांहीं यंत्रांवर भाषांतरित फाइलीच्या आरंभींच ती तयार केल्याची वेळ नोंदलेली असते, आणि दोन प्रती एकाच क्षणीं जन्मत नसल्यामुळें तेवढा भाग सोडून तुलना करावी लागते. या युक्तीची खुबी अशी कीं बरोबर उत्तर कोणतें तें आधीं माहीत असण्याची गरजच उरत नाहीं. कनूथ यांची अडचण येथें येत नाहीं.

तिची धांव किती हेंहि मात्र ओळखलें पाहिजे. दोन प्रती एक निघाल्या म्हणजे कंपायलर स्वतःशीं सुसंगत आहे, एवढेंच ठरतें. खोटा साक्षीदार दोन वेळां तेंच खोटें सांगूं शकतो. शिवाय कंपायलरच्या मजकुरांत दशांश अपूर्णांकांचें गणित फारसें नसतें; त्या गणितांत दोष असला तर तीन काय, तीस प्रती काढल्या तरी तो उघडकीस यावयाचा नाहीं. म्हणून यानंतर दुसरी परीक्षा. जी. सी. सी. बरोबर हजारों लहान लहान आज्ञावल्यांचा संच येतो. त्यांतील कित्येक म्हणजे पूर्वीं सांपडलेल्या एकेका चुकीचा जपून ठेवलेला नमुना होय, कीं तीच चूक पुन्हां घरांत शिरूं नये. निकालहि नुसते पास-नापास नसतात. ‘नापास होणार हें ठाऊकच होतें’ असा एक शेरा असतो, आणि ‘नापास व्हावयाचा तो पास झाला’ असाहि एक. जाणता मनुष्य या दुसऱ्या शेऱ्याकडेहि संशयानेंच पाहतो. ही परीक्षा कित्येक तास चालूं शकते. आळशी मनुष्य ती टाळतो. सावध मनुष्य ती संगणकाच्या मुख्य अधिकाराखालीं न चालवितां साध्या वापरणाऱ्याच्या नांवानें चालवितो, नवा कंपायलर प्रथम निराळ्या जागीं ठेवतो, आणि जुना एकदम पुसून टाकीत नाहीं. कारण नव्यानें दगा दिला तर त्यालाच दुरुस्त करून पुन्हां घडवावयास जुनाच लागणार.

घाईचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००० सालच्या सप्टेंबरांत रेड हॅट कंपनीनें आपल्या लिनक्स संचाच्या सातव्या आवृत्तींत जी. सी. सी. चें विकासावस्थेंतील रूप २.९६ असा क्रमांक देऊन घातलें. हा क्रमांक जी. सी. सी. च्या चालकमंडळानें कधींच प्रसिद्ध केला नव्हता, आणि तसें त्यानें ऑक्टोबरांत जाहीरहि केलें. सी प्लस प्लस भाषेंत या कंपायलरनें केलेली यंत्रभाषा मागच्या अधिकृत आवृत्तीशीं जुळत नव्हती, पुढच्या आवृत्तीशींहि जुळणार नव्हती. कंपनीचीहि बाजू होती. अधिकृत आवृत्ति वर्षाहून अधिक जुनी झाली होती आणि तिच्यांतहि उणिवा होत्या. पण लिनक्सच्या गाभ्याचें भाषांतर करण्यासाठीं त्याच संचांत एक जुना कंपायलर निराळा द्यावा लागला. एका घरांत दोन दुभाषे पाळण्याची ही पाळी.

मनुष्यानें काढलेल्या प्रश्नपत्रिकेंत मनुष्यास सुचतील तेवढेच प्रश्न येतात. म्हणून अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत जॉन रेगेर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सीस्मिथ नांवाची आज्ञावली केली. ती सी भाषेंतील निरर्थक परंतु नियमशुद्ध आज्ञावल्या यदृच्छेनें रचीत जाते. त्या निरनिराळ्या कंपायलरांना देऊन उत्तरें ताडून पाहतां, २०११ सालच्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, पूर्वीं अज्ञात असलेले ३२५ हून अधिक दोष हातीं लागले. तपासलेला एकहि कंपायलर सर्वस्वीं निर्दोष ठरला नाहीं. फ्रान्समधील झाव्हिए लरॉय यांच्या कॉम्पसर्टच्या ज्या मधल्या भागाची अचूकता गणिती सिद्धतेनें दाखविलेली होती, त्या भागांत मात्र चुकीची यंत्रभाषा निघालेली सांपडली नाहीं.

येथवर विचार झाला तो नकळत होणाऱ्या चुकांचा. दुभाष्या बुद्धिपुरःसर फसवूं लागला तर? युनिक्सच्या जनकांपैकीं एक केन थॉम्पसन यांना १९८३ सालचें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, आणि त्या प्रसंगाचें त्यांचें व्याख्यान ऑगस्ट १९८४ मध्यें छापून आलें. छापील पानें अगदीं थोडीं, पण तीं वाचून भल्याभल्यांची झोंप उडाली असल्यास नवल नाहीं. सी च्या कंपायलरमध्यें दोन गुप्त आज्ञा घालतां येतात, असें त्यांनीं दाखविलें. परवलीचा शब्द विचारून संगणकांत प्रवेश देणारी आज्ञावली भाषांतरास आली कीं तींत गुपचूप एक चोरदरवाजा ठेवावा, ही पहिली. खुद्द कंपायलरचा मजकूर भाषांतरास आला कीं त्यांत या दोन्ही आज्ञा पुन्हां घालाव्या, ही दुसरी. एवढें झाल्यावर मूळ मजकुरांतून दोन्ही आज्ञा पुसून टाकाव्या. मजकूर आतां धुतल्या तांदळासारखा, कोणीहि वाचावा. यंत्रभाषेंत मात्र त्या पिढ्यान् पिढ्या उतरत राहतात. तीन प्रतींची कसोटी येथें लंगडी पडते, कारण दुसऱ्या व तिसऱ्या प्रतींत तेंच विष तितकेंच मिसळलेलें असतें व दोन्ही तंतोतंत एक निघतात. कल्पनेचें मूळ, थॉम्पसन यांनींच सांगितल्याप्रमाणें, मल्टिक्स या संगणकव्यवस्थेच्या सुरक्षिततेवर अमेरिकन वायुदलानें केलेल्या एका जुन्या परीक्षणांत होतें.

यावर एक तोड डेव्हिड व्हीलर यांनीं २००९ सालच्या आपल्या प्रबंधांत विस्तारानें मांडली. संशयित कंपायलरचा मूळ मजकूर सर्वस्वीं दुसऱ्या घराण्याच्या कंपायलरकडून भाषांतरित करवावा. जी प्रत निघेल तिच्याकडून तोच मजकूर पुन्हां भाषांतरित करवावा. आतां हातीं आलेली प्रत आणि संशयिताची स्वतःची यंत्रभाषा बिटाबिटानें ताडून पाहावी. एक निघाल्या तर संशयिताच्या पोटांत मजकुराबाहेरचें कांहीं नाहीं. दुसरा कंपायलर निष्पाप असलाच पाहिजे अशीहि अट नाहीं. दोघांच्या पोटांत तेंच कपट नसलें म्हणजे झालें. व्हीलर यांनीं जी. सी. सी. ला ही कसोटी लावून दाखविली.

दुसरी वाट अधिक कष्टाची, ती वंशवृक्षाच्या मुळाशीं जाण्याची. २०२३ च्या एप्रिलांत ग्नू गीक्स या प्रकल्पाच्या मंडळींनीं तिच्या सर्व पायऱ्या जोडल्याचें जाहीर केलें. आरंभीं ३५७ बाइटांची एक आज्ञावली, जी सोळा आधाराच्या पद्धतीनें लिहिलेले अंक यंत्रभाषेंत उतरविते आणि याखेरीज कांहींच करीत नाहीं. तिच्यावरून किंचित् मोठी, तिच्यावरून त्याहून मोठी, असें चढत चढत एक लहानसा सी कंपायलर, मग जी. सी. सी. ची एक जुनी आवृत्ति, मग नवी. लिनक्सचा गाभा आणि या पायऱ्या क्रमानें चालविणारी एक साहाय्यक आज्ञावली यांवर त्या वेळीं विश्वास ठेवावाच लागत होता. ते ३५७ बाइट मात्र एका कागदावर मावतात, आणि पेन्सिल घेऊन बसलेला मनुष्य त्यांतील एकूणएक बाइट स्वतः तपासूं शकतो.