खेळासाठी थांबवलेला पहारा

वैयक्तिक संगणकावरील खेळ आणि अँटिव्हायरस यांच्यातील तंटा आज वेगाचा मानला जात असला, तरी त्याची सुरुवात जागेच्या टंचाईतून झाली. डॉस या कार्यप्रणालीत प्रोग्रॅमला सहज वापरता येणारी मेमरी ६४० किलोबाइटांपुरतीच होती आणि खुद्द डॉस, तसेच माऊस व सीडी-रॉम यांचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणांशी व्यवहार करणारे छोटे प्रोग्रॅम, यांचा वाटा त्यातूनच निघत असे. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० सोबत आलेला व्हीसेफ हा विषाणूंवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम एकदा सुरू झाला की मेमरीतच ठाण मांडून बसे. काही खेळांपुढची अडचण तर अधिकच बिकट होती. १९९२ च्या अल्टिमा ७ ची स्वतःची मेमरी-व्यवस्था ईएमएम३८६ या मेमरी-व्यवस्थापकाशी जुळत नसे, आणि छोटे प्रोग्रॅम ६४० किलोबाइटांच्या वरच्या जागेत हलवण्याची सोय सामान्यतः त्याच व्यवस्थापकावर अवलंबून होती. त्यामुळे खेळाला अनावश्यक असलेले सारे काढून टाकणे एवढाच मार्ग उरे.

खेळाडूंनी यावर शोधलेला उपाय म्हणजे बूट डिस्क, अर्थात केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर सुरू करणारी आणि संगणक जिच्यावरून चालू करायचा अशी वेगळी फ्लॉपी. मात्र त्या काळातील विषाणूंचा एक मोठा गट नेमका याच वाटेने पसरत होता. १९८६ मध्ये लाहोरमध्ये तयार झालेला ब्रेन आणि ६ मार्च १९९२ या तारखेमुळे जगभर धास्ती निर्माण करणारा मायकेलअँजेलो हे दोन्ही फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक चालू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, दडत. पहारा उठवून फ्लॉपीवरून संगणक चालू करणारा खेळाडू अशा रीतीने सर्वाधिक धोक्याच्या क्षणीच निःशस्त्र होत असे. १९९० च्याच दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी डॉससाठी क्विक हील तयार केले, त्याचे मूळही दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्याच्या गरजेतच होते.

विंडोजच्या काळात मेमरीची कोंडी सुटली, पण तंटा डिस्कवर सरकला. फाइल उघडली जाताच अँटिव्हायरसचा फिल्टर ड्रायव्हर ती मागणी मध्येच अडवतो, फाइल तपासतो आणि मगच ती खेळाच्या हाती देतो. हजारो फाइली उघडणाऱ्या खेळात हे क्षण साचत जातात. नियोजित संपूर्ण तपासणी खेळाच्या मध्येच सुरू झाली तर हाल अधिक होत, कारण यांत्रिक हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष दोन्ही कामांसाठी सतत इकडून तिकडे धावत राही. त्यात सूचनेची एखादी चौकट उघडली की पूर्ण पडद्यावरचा खेळ खाली जाई. खेळाडूंची ही तक्रार रास्त होती.

२००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने पूर्ण पडद्यावर त्रिमितीय खेळ चालू आहे का, हे अन्य प्रोग्रॅमना विचारण्याची सोय दिली, आणि पुढे नॉर्टन अँटिव्हायरस २००९ ची खास गेमिंग आवृत्तीही बाजारात आली. अशा गेमिंग मोडमध्ये सामान्यतः सूचना, अद्ययावतन आणि नियोजित तपासणी पुढे ढकलली जाते, परंतु उघडणाऱ्या फाइलीची तपासणी चालूच राहते. या इतिहासातील हा सर्वांत समंजस टप्पा म्हणावा लागेल, कारण त्यात पहारा न उठवता फक्त त्याची वर्दळ कमी केली गेली.

२०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हे पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजमध्येच समाविष्ट झाले आणि खेळांचा फोल्डर तपासणीतून वगळण्याचा उपाय घरोघरी पोहोचला. हा उपाय वेग देतो, परंतु तो खेळ संपल्यावरही लागू राहतो आणि त्या फोल्डरमध्ये पुढे येणाऱ्या प्रत्येक फाइलीला मोकळी वाट देतो. अशी घातक फाइल अधिकृत वाटेनेही येऊ शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीम या अधिकृत दुकानातूनच वितरित झालेल्या पायरेटफाय या खेळात माहिती चोरणारा प्रोग्रॅम आढळला, तेव्हा स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो खेळ काढून टाकला आणि तो चालवलेल्या ग्राहकांना संपूर्ण संगणक तपासण्याचा, प्रसंगी विंडोज नव्याने बसवण्याचा विचार करण्याचा सल्ला दिला.