प्रतिकृतींचे अस्तर : स्प्रे प्रायमरची निवड आणि वापर

विमाने, रणगाडे, जहाजे किंवा बोटभर उंचीचे योद्धे यांच्या प्रतिकृती जोडून रंगविण्याच्या छंदात पंधरा-वीस तासांचे काम अर्ध्या मिनिटात वाया जाऊ शकते. हे अर्धे मिनिट बहुधा प्रायमर मारण्याचे असते. कुंचल्याची चूक पुसता येते. बारीक कोरीवकाम बुजविणारा प्रायमरचा जाड थर मात्र सहजासहजी निघत नाही.

बहुतेक प्रतिकृती पॉलिस्टायरीन या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या असतात. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग त्यावर नीट पसरत नाही आणि वाळल्यावर नखानेही सुटतो. प्रायमर हे त्यासाठीचे अस्तर होय. ते पृष्ठभागाला पकड देते आणि सर्वत्र एकच छटा आणून जोडणीतील फटी व ओरखडे उघडे पाडते. ते झाकण्यासाठी नसते, हे लक्षात ठेवले तर निम्म्या चुका टळतात. खालचे प्लॅस्टिक किंचित जाणवत असले तरी बिघडत नाही.

जपानी ‘तामिया’चा फाइन सरफेस प्रायमर लॅकर प्रकारचा असून प्लॅस्टिकला घट्ट धरतो. ‘मिस्टर सरफेसर’च्या डब्यांवर ५००, १०००, १२००, १५०० असे आकडे असतात, आकडा मोठा तितका कण बारीक. फटी व ओरखडे भरण्यास ५००, तर चेहऱ्याचे बारकावे जपण्यास १२०० वा १५०० योग्य. हार्डवेअरच्या दुकानातील मोटारीचा प्रायमर स्वस्त पडतो व धातूच्या मूर्तीवर चालूनही जातो. परंतु त्यातील काही द्रावके पॉलिस्टायरीन मऊ करतात. म्हणून सुटे भाग कापल्यावर उरलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर आधी चाचणी घ्यावी. थर्माकोलच्या डोंगरावर वा तटबंदीवर तर असा फवारा थेट मारूच नये. गणपतीच्या मखराला स्प्रे मारून पाहिलेल्यांना त्याचा परिणाम सांगायला नको.

रंग करडा असल्यास दोष स्पष्ट दिसतात. काळ्यावर खोलगट भागांची सावली आयती मिळते. पिवळा व लाल पांढऱ्यावर खुलतात. काळ्या अस्तरावर केवळ वरच्या दिशेने पांढरा हलका फवारा मारला, तर प्रकाश कोठे पडतो हे मूर्तीवरच रेखाटले जाते.

गोव्यात खरा अडथळा हवेचा आहे. पावसाळ्यात येथील आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते. फवाऱ्यातील द्रावक झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प ओल्या थरावर जमते. परिणामी अस्तर पांढुरके, धुकटल्यासारखे होते. जून ते सप्टेंबरमध्ये उघडीप पाहून, कोरड्या दुपारी काम करावे, नाहीतर हाताने लावायचा प्रायमर वापरावा. छोटा आर्द्रतामापक जवळ असल्यास ७० टक्क्यांपुढे थांबणे शहाणपणाचे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात दोष उलटा असतो : थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग पॉलिशपेपरसारखा खरखरीत होतो. येथे सावली शोधावी व अंतर थोडे कमी करावे.

प्रत्यक्ष फवारणीपूर्वी मूर्ती साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. रेझिनच्या मूर्तीवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट लेप असतो, तिच्याबाबत हे टाळू नये. डबा दोन मिनिटे हलवावा. सुमारे २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करावा, तिच्यावरून सरकवत न्यावा आणि बाहेरच थांबवावा. एका जागी रोखून धरल्यास थर ओघळलाच. दोन-तीन पातळ थर, मध्ये काही मिनिटांची उसंत, आणि रंग देण्यापूर्वी शक्यतो रात्रभर वाळवण.

डब्यातील वायू ज्वलनशील असतो. बंद खोलीत, गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातील समई तेवत असताना फवारणी करू नये. कापडी मास्क बाष्प अडवत नाही. सेंद्रिय बाष्पासाठीचे कार्ट्रिज असलेला मुखवटा हवा. परदेशातून येणाऱ्या नातलगाला असा डबा आणण्यास सांगणेही व्यर्थ आहे, कारण प्रवासी विमानाच्या सामानात तो नेता येत नाही. काम संपल्यावर डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत बटण दाबावे, म्हणजे तोंड चोंदत नाही.