खोळंब्याचे पैसे कोण देणार?

ट्रक ड्रायव्हरचा पगार बहुतेकदा फेरीवर ठरतो. पण मंडळी, १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने हिशेब तासांवर आणला होता. दिवसाला ८, आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्याला १० आणि ५४ पर्यंत सूट. जादा कामाला दुप्पट दर. झकास ना? थांबा. २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत कायदा लागू कुठे होता, तर ५ किंवा जास्त कामगार असतील तिथेच. एक-दोन गाड्यांचा मालक सुटला!

मला जास्त खटकते ती कामाच्या तासांची व्याख्या. टर्मिनलवर नुसतं हजर राहणंही तिच्यात धरलं होतं, पण १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तरच. आणि गोदामाबाहेर माल उतरायची वाट बघत काढलेली रात्र? मी ड्रायव्हर असतो, तर बोलणीत आधी हाच भाव विचारला असता. फेरीचा नंतर.