कावसजीचें नाक

'जंटलमन्स मॅगझीन' या लंडनच्या मासिकाशीं आम्हां साहित्याच्या अभ्यासकांचा परिचय डॉ. जॉन्सन यांच्यामुळें. पण त्याच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत पुण्याची एक हकीकत आली आहे, ती शस्त्रवैद्यांना अधिक परिचित आहे. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबरचा कावसजी नांवाचा गाडीवान (नांव पारशी वाटलें तरी हकीकतींत तो शेतकरी मराठा आहे) टिपूच्या हातीं सांपडला व आपलें नाक आणि एक हात गमावून बसला. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळ एका कुंभारानें त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्याचे क्रूसो व फिंडले हे दोन डॉक्टर तेथें हजर होते.

मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर पसरला, भोंवतीं रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोलली. रक्त वाहतें राहावें म्हणून दोन डोळ्यांमधला देठ तेवढा राखून ती खालीं वळविली व बसविली. वर पाण्यांत कालविलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनीं तुपांत भिजविलेलीं फडकीं, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठाचा छेद. तपशील इतका बारीक. परंतु कपाळ सोललें जात असतां त्या माणसाला काय झालें, वेदना कमी व्हावी म्हणून त्याला कांहीं दिलें कीं नाहीं, याविषयीं अक्षर नाहीं. पुढें कावसजीचें चित्रहि छापलें गेलें. कण्हणें तेवढें राहून गेलें.

सुश्रुतानें मात्र याचा विचार केला होता. शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास जेवूं घालावें, आणि पिणारा असल्यास तीक्ष्ण मद्य पाजावें. अन्नानें मूर्च्छा टळते व मद्यानें शस्त्र जाणवत नाहीं, असें त्याचें सांगणें आहे.

पुण्याची रीत वाचून लंडनच्या कार्प्यूनें १८१४ सालीं एका लष्करी अधिकाऱ्याचें नाक केलें. तोहि जागाच होता; बोस्टन येथील ईथरच्या जाहीर प्रयोगास अजून ३२ वर्षें अवकाश होता. प्लॅस्टिक सर्जरी हें भुलीच्या औषधाचें अपत्य, असा जो समज आहे तो यावरून खोटा ठरतो.

उलट, १८४६ त ईथर व १८४७ त क्लोरोफॉर्म आल्यावरहि चेहऱ्याचें दुखणें सुटलें नाहीं. जेथें शस्त्र चालावयाचें तेथेंच औषधाचा मुखवटा! पहिल्या महायुद्धांत सिडकप येथें गिलीझकडे छिन्नभिन्न चेहऱ्यांचे शिपाई आले, तेव्हां ही अडचण ऐरणीवर आली. मॅगिल व रोबॉथम यांनीं तेथें श्वासनलिकेंत रबरी नळी घालून औषध देण्याची पद्धत परिपक्व केली. वैद्यकाच्या इतिहासांत गिलीझला जो मान मिळतो, त्यांतला बराचसा या नळीचा आहे, असें आमचें मत आहे.

दुसरा मार्ग व्हिएन्नाचा. १८८४ त कोलरनें कोकेननें डोळा बधिर केला. रोगी जागा, पण वेदना नाहीं. त्यामागून आलेल्या सौम्य औषधांत ॲड्रेनॅलिन मिसळलें कीं रक्तस्रावहि कमी होतो.

कपाळाच्या कातडीचें नाक आजहि करतात. मोठें काम बहुधा पूर्ण भूल देऊन होतें. तीन आठवड्यांनीं देठ तोडावयाचा तो पुष्कळदां जागा बधिर करूनच. भूलतज्ज्ञ रोग्याचें हृदय, फुप्फुसें, चालू औषधें पाहतो, आणि झोंपावयाचें कीं जागें राहावयाचें, हें त्यालाहि विचारतो.