ब्लॅकआउटमधली देवयानी

कार्तिकात अमावास्येच्या सुमारास गावाच्या दिव्यांपासून दूर गेलात, तर देवयानीच्या तारकासमूहात एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अल-सूफी या ज्योतिर्विदाने इसवी सन ९६४च्या सुमारास त्याला ‘लहानसा ढग’ म्हटले. मी बी.ए.चा माणूस, विज्ञानाचा नव्हे. पण ‘ढग’ हा शब्द मला अजूनही पटतो.

१९२३ साली एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीने या ढगात एक रूपविकारी तारा हेरला, आणि ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. तिच्या सर्पिल भुजांतले तारे सुटे दिसत. मध्यभाग मात्र दह्यासारखा एकजीव.

मग युद्ध आले. १९४२मध्ये हबल लष्करी संशोधनाला गेले. मागे राहिले वाल्टर बाडे. जन्माने जर्मन, अमेरिकेचे नागरिकत्व घ्यायचे राहून गेलेले, म्हणून सरकारदफ्तरी शत्रुदेशाचा माणूस. युद्धाच्या कामात त्यांना मज्जाव होता. दुर्बीण मात्र हाताशी होती, आणि खाली लॉस एंजेलिसचे दिवे हल्ल्याच्या भीतीने मंदावलेले. इतका काळोख त्या डोंगराला एरवी कुठला मिळायला!

बाडे यांनी निळ्याऐवजी तांबडा प्रकाश टिपणाऱ्या फोटोच्या प्लेट वापरल्या. निळ्या प्लेटवर आकाशाचीच उजळी लवकर चढते. तांबडी तासन्‌तास उघडी ठेवता येते. १९४३च्या शरदात तो एकजीव मध्यभाग फुटला. आत तांबड्या ताऱ्यांची दाटी!

पुढच्याच वर्षी त्यांनी ताऱ्यांची दोन कुळे मांडली. भुजांत वायू आणि धुळीच्या सोबतीने निळे, तप्त तारे. ते इंधन उधळून लवकर विझतात. म्हणजे जिथे निळे दिसतात, तिथे पाळणा नुकताच हललेला. मध्यभागी म्हातारे, तांबडे. तिथे नवे घडवायला वायूच फारसा उरलेला नाही. रूपविकारी ताऱ्यांतही दोन जाती निघाल्या, आणि १९५२ साली रोमच्या परिषदेत बाडे यांनी देवयानीचे अंतर दुपटीने वाढवले. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे धरतात.

पुढे अवरक्त दुर्बिणींनी धुळीची ऊब टिपली, तेव्हा केंद्रापासून सुमारे ३३ हजार प्रकाशवर्षांवर एक कडेच दिसले. देवयानीतले बरेचसे नवे तारे तिथे जन्मतात. २०१५ साली अवकाशातल्या दुर्बिणीने तिच्या एका भागातले दहा कोटींहून अधिक तारे सुटे करून दाखवले. त्या दुर्बिणीला नाव आहे हबल यांचे.

बाडे १९६० साली वारले. लॉस एंजेलिसचे दिवे त्याच्या कितीतरी आधी पुन्हा लागले होते.