चळवळीला ज्याच्या नावाची भीती वाटली: बायर्ड रस्टिन

मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध स्वप्नाचं भाषण आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टन, लिंकन स्मारकासमोर जमलेली सुमारे अडीच लाख माणसं. आज आपण त्या भाषणाकडे नाही, त्या गर्दीकडे बघू. एवढी माणसं तिथे आणली कोणी? गाड्या कोणी ठरवल्या, जेवणाचं काय केलं, मागच्या माणसाला भाषण ऐकू कसं आलं, आणि संध्याकाळी सगळी आपापल्या घरी सुखरूप गेली कशी? आपल्याकडे ज्यांनी कधी एखादा मोर्चा किंवा साधं गावचं संमेलन उभं केलंय, त्यांना हे प्रश्न किती मोठे असतात ते माहीत आहे.

या सगळ्या व्यवस्थेच्या मागे मुख्यतः एक माणूस होता. बायर्ड रस्टिन. ते कृष्णवर्णीय होते, क्वेकर पंथाच्या संस्कारात वाढलेले होते, गांधीजींचा मार्ग मानणारे होते आणि समलिंगी होते. ही शेवटची गोष्ट त्यांनी आपल्या माणसांपासून लपवली नाही. त्या काळात हे फार दुर्मीळ होतं, आणि त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

एलजीबीटीक्यू व्यक्तींच्या स्मरणाच्या या व्याख्यानात आम्ही रस्टिन यांची निवड केली, त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. त्यांना बाजूला सारणारे फक्त विरोधक नव्हते. त्यांना पुन्हा पुन्हा बाजूला केलं ते त्यांच्याच सोबत्यांनी, आणि प्रत्येक वेळी कारण एकच दिलं: चळवळीचं नुकसान होईल. हे कारण खरं होतं का, हा आजचा प्रश्न आहे.

आधी माणूस समजून घेऊ. जन्म १७ मार्च १९१२, पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर गावी. त्यांना वाढवलं आजी-आजोबांनी. लहानपणी बराच काळ ते आजी-आजोबांनाच आई-वडील समजत होते आणि खऱ्या आईला मोठी बहीण. आजी ज्युलिया क्वेकर संस्कारातली. सगळी माणसं एकाच कुटुंबातली आहेत आणि कोणावर हात उचलायचा नाही, हे तिचं शिकवणं. आपल्याला मुलांचीच सोबत आवडते हे त्यांनी तरुणपणी आजीला सांगितलं, तेव्हा तिनं कसलाही तमाशा केला नाही, असं रस्टिन पुढे सांगत. स्वतःची लाज वाटून न घेण्याचं बळ त्यांना त्या घरातून मिळालं असावं.

आवाज उत्तम होता. १९४० मध्ये पॉल रॉबसन यांच्यासोबत ते ब्रॉडवेच्या एका नाटकात होते. न्यूयॉर्कला आल्यावर काही काळ ते तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत होते, १९४१ मध्ये तिथून बाहेर पडले. मग त्यांना दोन मार्गदर्शक भेटले. एक, कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ. दुसरे, शांततावादी ए. जे. मस्टी. मस्टी यांच्या संघटनेचं नाव 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन', आणि रस्टिन तिचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले.

इथे आपला म्हणजे भारताचा संबंध येतो. या मंडळींपुढे प्रश्न होता की अहिंसा हे व्यक्तिगत व्रत न राहता सामुदायिक हत्यार कसं व्हावं. दांडी यात्रेत चाललेले कृष्णलाल श्रीधरानी तेव्हा अमेरिकेत होते. सत्याग्रहाची कार्यपद्धती पायरीपायरीनं सांगणारं त्यांचं पुस्तक १९३९ मध्ये आलं आणि या कार्यकर्त्यांच्या हातात पडलं. रस्टिन यांनी ते नुसतं वाचलं नाही, करून पाहिलं. १९४२ मध्ये लुइव्हिलहून नॅशव्हिलला जाताना ते बसमध्ये पुढच्या, म्हणजे गोऱ्यांच्या भागात बसले. उठायला नकार दिला. पोलिसांनी मारहाण केली, यांनी उलट हात उचलला नाही. लक्षात घ्या, रोझा पार्क्स यांच्या प्रसंगाला अजून तेरा वर्षं होती.

महायुद्धात सैन्यभरतीला नकार दिला म्हणून दोन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात गेला. १९४७ मध्ये आठ कृष्णवर्णीय आणि आठ गोरे अशा सोळा जणांनी दक्षिणेत बसनं एकत्र प्रवास केला. आंतरराज्य बसमधल्या भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आदल्या वर्षी आला होता, तो पाळला जातो का हे पाहायचं होतं. नॉर्थ कॅरोलिनात रस्टिन यांना अटक झाली आणि नंतर बावीस दिवस साखळदंडी कैद्यांच्या टोळीत रस्त्याचं काम करावं लागलं. बाहेर आल्यावर त्यांनी त्या छळाचा वृत्तांत लिहिला. तो छापून आला आणि त्या राज्यातली ती पद्धत मोडायला त्याचा हातभार लागला. मधल्या काळात, १९४८ मध्ये, ते भारतात येऊन गेले. गांधीजींची हत्या त्याआधीच झालेली होती. मग गांधीजींच्या सहकाऱ्यांमध्ये वावरून त्यांनी जे शिकायचं ते शिकून घेतलं.

म्हणजे १९५० च्या सुमाराला अमेरिकेत सत्याग्रहाचा इतका अनुभव असलेला माणूस शोधून सापडला नसता. आणि मग जानेवारी १९५३ आला. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे व्याख्यानाला गेले असताना रात्री एका उभ्या गाडीत दोन पुरुषांसोबत असताना त्यांना पकडलं. साठ दिवसांची कैद झाली. सगळे प्रौढ, सगळ्यांची संमती, कोणावर जबरदस्ती नाही. पण कायद्यानं तो गुन्हा होता. यापूर्वीही ते अनेकदा तुरुंगात गेले होते, आणि तेव्हा दर वेळी बाहेर आल्यावर सोबत्यांनी गळ्यात हात टाकले होते. या वेळी मस्टी यांच्या संघटनेनं राजीनामा घेतला.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, क्वेकरांच्या एका संस्थेनं अहिंसेवर एक पुस्तिका काढली. अण्वस्त्रांच्या काळात अहिंसेचा पर्याय मांडणारी ती महत्त्वाची पुस्तिका मानली जाते. तिच्या लेखकांत रस्टिन होते. छापताना त्यांचं नाव वगळलं. ते नाव परत छापलं जायला अर्धं शतक उलटून जावं लागलं.

आता माँटगोमेरीचं बघा. १९५६ च्या सुरुवातीला बसवरच्या बहिष्काराची चळवळ पेटलेली होती. किंग तेव्हा सत्तावीस वर्षांचे. घरावर बॉम्ब पडून गेलेला, त्यामुळे घरात संरक्षणासाठी बंदुका ठेवलेल्या. रस्टिन तिथे पोचले आणि त्यांनी किंग यांच्याशी बोलायला सुरुवात केली: ज्या चळवळीचा आधार अहिंसा आहे, तिच्या नेत्याच्या घरात बंदूक असून चालेल का? किंग यांची अहिंसा जन्मजात होती असं आपण समजतो. तसं नव्हतं. ती घडली, आणि घडवणाऱ्यांत रस्टिन होते. पण 'त्या प्रकरणाची' कुजबुज तिथेही पोचली आणि त्यांना गुपचूप शहर सोडावं लागलं. पुढचा सल्ला दुरून. १९५७ मध्ये किंग यांच्या संघटनेची स्थापना झाली, तिच्या आराखड्याची टिपणंही मुख्यतः त्यांच्या हातची.

आपल्याकडे सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता म्हणतात ना, तसा हा प्रकार नाही. सतरंजीही हाच घालतोय आणि भाषणामागचा विचारही हाच देतोय. फक्त व्यासपीठावर खुर्ची नाही.

१९६० मध्ये कळस झाला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर किंग आणि रँडॉल्फ निदर्शनं करणार होते. काँग्रेसमधले कृष्णवर्णीय नेते ॲडम क्लेटन पॉवेल यांना ते नको होतं. त्यांनी निरोप पाठवला की निदर्शनं मागे घ्या, नाहीतर किंग आणि रस्टिन यांचे संबंध आहेत असं मी जाहीर करीन. बात संपूर्ण खोटी होती. रस्टिन यांनी राजीनामा देऊ केला आणि किंग यांनी तो स्वीकारला. किंग आपल्याला आदरणीय आहेत, म्हणून हा प्रसंग टाळून पुढे जाण्याचा मोह होतो. तो टाळू नये. धमकी देणारा आपल्यातला, धमकी खोटी, आणि तरी गेला तो रस्टिन.

तीन वर्षांनी वॉशिंग्टनच्या मोर्चाची वेळ आली. हे सगळं उभं करू शकेल असा माणूस एकच आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही रॉय विल्किन्स यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यानं विरोध केला. रँडॉल्फ यांनी शक्कल काढली. मोर्चाचं प्रमुखपद त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि आपला उपप्रमुख आपण निवडणार असं सांगून रस्टिन यांना नेमलं.

हातात जेमतेम दोन महिने होते. हार्लेममधल्या कार्यालयातून रस्टिन यांनी दोन हजारांहून जास्त बस आणि खास आगगाड्या ठरवल्या. स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार यांचा हिशेब मांडला. न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये स्वयंसेवकांनी चीज सँडविचची ८०,००० पाकिटं भरली. उन्हात खराब होईल म्हणून त्यात मेयोनेज नाही, इतका बारीक विचार! गर्दी आवरायला कृष्णवर्णीय पोलीस घेतले, पण बिनहत्यारी. ध्वनिव्यवस्था उत्तमच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस अस्वस्थ होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि १३ ऑगस्टला, मोर्चाला पंधरा दिवस उरले असताना, ज्याची दहा वर्षं सगळ्यांना धास्ती होती तेच घडलं. वंशभेदाचे कट्टर समर्थक सिनेटर स्ट्रॉम थरमंड सिनेटमध्ये उभे राहिले आणि त्यांनी रस्टिन यांचं नाव घेऊन सगळं वाचून दाखवलं. कम्युनिस्ट, सैन्यभरती टाळणारा, समलिंगी. पॅसाडिनाच्या अटकेचा तपशील सरकारी इतिवृत्तात नोंदवला गेला.

मग काय झालं? रँडॉल्फ यांनी पत्रकारांपुढे रस्टिन यांच्यावर पूर्ण विश्वास जाहीर केला. बाकीचे नेतेही सोबत उभे राहिले, कुरकुर करणारे विल्किन्स यांच्यासकट. मोर्चा झाला, शांततेत झाला, आणि त्यात सुमारे अडीच लाख माणसं आली. शेवटी रस्टिन यांनीच मंचावरून मोर्चाच्या मागण्या वाचून दाखवल्या. पुढच्या आठवड्यात 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर रँडॉल्फ आणि रस्टिन यांचा फोटो होता.

आमच्या मते या इतिहासाचा धडा इथेच आहे. १९५३ मध्ये, १९५६ मध्ये, १९६० मध्ये दर वेळी सांगितलं गेलं की हे बाहेर आलं तर चळवळ बुडेल. १९६३ मध्ये ते देशाच्या सिनेटमध्ये बाहेर आलं आणि चळवळ बुडाली नाही. पुढच्याच वर्षी नागरी हक्क कायदा झाला. नुकसान बातमीनं होणार नव्हतं. नुकसान व्हायचं ते आपला माणूस सोडून दिल्यामुळे. सोबत्यांनी पाठ दाखवली नाही, तेव्हा विरोधकाच्या हातातलं हत्यार बोथट झालं.

पुढचं आयुष्य सरळ रेषेतलं नाही, आणि आपण ते तसं करूही नये. फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतल्या विभाजनाविरुद्ध त्यांनी उभ्या केलेल्या बहिष्कारात चार लाखांहून जास्त विद्यार्थी सामील झाले. पण व्हिएतनाम युद्धाच्या प्रश्नावर त्यांनी घेतलेली मवाळ भूमिका जुन्या शांततावादी मित्रांना लागली. समलिंगी हक्कांवर ते जाहीरपणे बोलू लागले तेही ऐंशीच्या दशकात. १९८६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या हक्क विधेयकाच्या बाजूनं त्यांनी साक्ष दिली.

१९७७ मध्ये त्यांना वॉल्टर नेगल भेटले. वयात मोठं अंतर, पण शेवटपर्यंत सोबत. लग्न शक्य नव्हतं. वारसाहक्क, दवाखान्यात भेटण्याचा हक्क, काहीच नाही. म्हणून १९८२ मध्ये रस्टिन यांनी आपल्या जोडीदाराला कायद्यानं दत्तक घेतलं. प्रौढ माणसाला दत्तक! त्यासाठी नेगल यांच्या आईला मुलावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी लागली. २४ ऑगस्ट १९८७ रोजी रस्टिन गेले, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मृत्युलेखात नेगल यांची ओळख होती साहाय्यक आणि दत्तक मुलगा. दहा वर्षांच्या संसाराला वर्तमानपत्रापाशी शब्द नव्हता.

मग हळूहळू स्मरण सुरू झालं. वेस्ट चेस्टरला त्यांच्या नावाची शाळा निघाली, तीही गावात वाद होऊनच. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला, तो स्वीकारायला वॉल्टर नेगल होते. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी पॅसाडिनाची शिक्षा माफ केली आणि तशाच कायद्यांखाली शिक्षा झालेल्या इतरांसाठीही माफीचा रस्ता खुला केला. शिक्षेपासून माफीपर्यंत सदुसष्ट वर्षं लागली.

पदकं आणि माफी देणं सरकारचं काम आहे. आपलं काम वेगळं आहे. आपण कुठल्या ना कुठल्या संस्थेत, संघटनेत, मंडळात काम करतो. तिथे कधीतरी कोणीतरी हळूच म्हणतं, 'माणूस चांगला आहे हो, पण त्याचं नाव पुढे नको, उगाच चर्चा होईल.' पुढच्या वेळी हे वाक्य कानावर पडलं, तर १९६० ची आठवण करू आणि १९६३ चीही. आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय, त्याचं नाव यादीत राहील हे बघू.